सीव्हीच्या शेवटी घोषणापत्र लागतंच का?

‘वरील सर्व माहिती खरी असल्याचे मी जाहीर करतो.’ खाली ठिकाण, दिनांक, सही. एवढं नसेल तर सीव्ही ग्राह्य धरत नाहीत, असं कॉलेजात वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. खासगी नोकरीच्या सीव्हीत घोषणापत्र हवंच, असा कोणताही कायदा नाही. पदवी खोटी निघाली तर सही नसतानाही नोकरी जाऊ शकते. शिवाय रुजू होताना कंपन्या बहुधा स्वतःच्या फॉर्मवर सही घेतातच.

गोंधळाचं मूळ सरकारी अर्जात असावं. एमपीएससीच्या अर्जात जन्मतारीख आणि प्रवर्ग लागतो, कारण वयोमर्यादा आणि आरक्षण त्यावर ठरतं. तिथे हे तपशील भरायलाच हवेत. पण तोच साचा उचलून खासगी कंपनीला वडिलांचं नाव, धर्म, लग्न झालंय की नाही हे कळवायची गरज नाही. आधार आणि पॅन क्रमांक तर मुळीच लिहू नका. सीव्ही कुणाकुणाच्या हाती जातो, याचा पत्ता लागत नाही.

हे सगळं गाळून जी जागा उरते, तिथे केलेलं काम लिहा. ‘अकाउंट्सचा अनुभव’ यातून काहीच कळत नाही. ‘टॅलीत नोंदी केल्या, जीएसटी रिटर्नची तयारी केली, दरमहा बँक रिकन्सिलिएशन केलं’ यातून कळतं.