‘ना’ची जागा

स्पर्धेच्या विंगेत पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा तबला लावत बसला होता. बाहेर आषाढाचा पाऊस, दमट हवेने पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडं, सैल पडून सूर उतरलेला. पुडीच्या कडेच्या विणलेल्या गजऱ्यावर वरून हातोडीचा हलका ठोका, मग तर्जनीने चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठच्या पट्टीवर, ‘ना’ हा बोल, कान तिरका, आणि गजऱ्याचा पुढचा भाग, म्हणजे पुढचं घर. अशी सोळा घरं.

“लागला का रे?” मागून गुरुजींनी विचारलं.

“एका घरात अजून उतरतोय.”

मुळात चामड्याचं वाद्य सुरात लागावं, हेच नवल आहे. तार छेडली की मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर निघतात आणि कानाला ते एकजीव वाटतात. ताणलेलं गोल कातडं असं वागत नाही. त्याचे वरचे सूर मूळ सुराच्या 1.59, 2.14, 2.30 पट अशा आडनिड्या अंतरांवर पडतात. म्हणून ताशा कडाडतो, पण ‘सा’ लावत नाही.

तबला लावतो तो पुडीवरच्या काळ्या, गोल शाईमुळे. लोहकीस आणि खळीचे पातळ थर एकावर एक चढवून, दगडाने घोटून ती बसवतात. घोटताना पडणाऱ्या बारीक चिरांमुळे ती जड असूनही कातड्याबरोबर लवते. मध्यभागी वाढलेल्या या वजनाने वरचे सूर खाली सरकतात आणि 1, 2, 3, 4, 5 या पटींच्या अगदी जवळ येतात. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत 1920 साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं. पुढे त्यांनी पुडीवर बारीक वाळू भुरभुरवली. कातडं जिथे हलत नाही तिथे वाळू साचते आणि कंपनाचा नकाशाच दिसतो. एकंदर नऊ प्रकारची कंपनं, पण सूर पाचच! (नोबेल प्रकाशाच्या कामाला मिळालं, माझा जीव मात्र या वाळूत अडकलेला आहे.)

आता त्या मुलाची अनामिका बघा. ‘ना’ वाजवताना ती शाईच्या कडेवर नुसती टेकलेली असते. दुसऱ्या सुरात अर्धी पुडी वर जाते तेव्हा अर्धी खाली, आणि मधली रेषा स्थिर राहते. बोट त्या रेषेवर असल्याने हा सूर मोकळा वाजतो. सबंध पुडी एकदम वरखाली करणारा पहिला सूर मात्र तिथेच विरतो. बोट उचलून ‘तूं’ वाजवला की तोच खालचा सूर बाहेर येतो. अनामिका जरा दाबली गेली तर ‘ना’ बसका निघतो. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षांच्या रियाजातला किती वेळ या एका बोटाचं वजन शिकण्यात जातो, ते शिकणाऱ्यालाच ठाऊक.

वेगाचं गणित आणखी वेगळं. मिनिटाला 200 मात्रांच्या लयीत चौपटीचा रेला, म्हणजे मात्रेला चार बोलांची सलग धाव, म्हणजे सेकंदाला तेरा आघात. आवाज ऐकून हात हलवायलाच माणसाला साधारण 0.15 सेकंद लागतात. तेवढ्यात दोन बोल वाजून गेलेले असतात. एकेक आघात तपासायला सवडच नाही. ‘तिरकिट’ हातातून एका शब्दासारखा सुटावा लागतो, म्हणून आधी तोंडाने पढंत.

त्या मुलाचा पेशकार, म्हणजे वादनाची सुरुवातीची रचना, छान झाला. पुढच्या रचनेत, कायद्यात, शिरताना मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने पुडी सुकली आणि तबल्याचा सूर चढला. साथीची धून, लेहरा, चालूच होता. त्याने डाव्या हाताने डग्गा बोलता ठेवला, उजव्याने हातोडी उचलली आणि या वेळी गजऱ्याला खालून ठोका दिला.