वंशावळशोध (सातारा-सांगली)

एखाद्या घराण्याच्या पिढ्या जुन्या कागदपत्रांतून मागे मागे लावत नेणे आणि दोन घरांचा मूळ पुरुष एक आहे का हे तपासणे, याला वंशावळशोध म्हणतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हे काम पूर्वी वतनाच्या भांडणासाठी, नंतर वारसहक्कासाठी होत असे. आता ते जातीच्या दाखल्यासाठी होते, किंवा आपण कोण, कुठून आलो हे जाणून घेण्याच्या ओढीनेही होते.

कागद हातात घेण्याआधी गावाला स्वतःचा एक हिशोब असतो, तो म्हणजे सुतकाचा. एका घरी कुणी गेले की कोणकोणत्या घरांना दहा दिवस धरायचे, कुणाला तीन आणि कुणाला फक्त आंघोळ, हे भावकीतली जाणती माणसे तोंडपाठ सांगतात. आडनाव एक, आळी एक, पण ‘त्यांचं सुतक आपल्याला नाही’ असे म्हटले गेले, तर तिथे रक्ताची रेषा तुटलेली असण्याचा दाट संभव असतो. जत्रेतला मानपान, देवक आणि कुलदैवत या खुणाही उपयोगी पडतात. पण पालीचा खंडोबा, मांढरदेवची काळूबाई किंवा शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव हजारो घराण्यांचा आहे. दैवत एक म्हणून कूळ एक ठरत नाही.

कागदांचा माग बहुधा सातबाऱ्यापासून निघतो, आणि नवखा माणूस तिथेच अडखळतो. पणजोबाच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असे लिहिलेले असते आणि त्याचे धाकटे भाऊ उताऱ्यावर दिसतच नाहीत. ते सापडतात फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये. ‘अमुक मयत, वारस मुलगे तीन’ ही तिथली एक ओळ सातबाऱ्याच्या दहा पानांपेक्षा जास्त सांगते. म्हणून सातबाऱ्यावरच्या प्रत्येक फेरफार क्रमांकाची नक्कल काढावी, एकही सोडू नये. त्यामागे क पत्रक, कडईपत्रक, सूड नोंदवही असे जुने महसुली कागद लागतात.

शेतीच्या कागदांना जोड मिळते ती गाव नमुना १४ ची. हीच गावागावांत ‘कोतवाल बुक’ म्हणून ओळखली जाणारी जन्म-मृत्यूची नोंदवही. १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणी कायदा येण्याआधीचा काळ शोधताना तिच्याइतका जवळचा कागद दुसरा नाही. पान जीर्ण, कडा तपकिरी. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, एवढेच. बाळाचे बारसे झालेले नसते, त्यामुळे त्याचे नाव बहुधा नसतेच. मृत्यूच्या रकान्यात ‘ताप’, ‘पटकी’. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीची पाने उलटताना एकाच घरातली माणसे ओळीने खाली खाली येत जातात आणि वाचणाऱ्याचे बोट थांबते. शाळेचे जनरल रजिस्टर हा याच्या जोडीचा आधार. तिथली जन्मतारीख अनेकदा मास्तरांनी अंदाजाने घातलेली असते, पण बापाचे नाव आणि गाव भरवशाचे असते.

याहून मागे गेले की मोडी लिपी लागते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरकारी आणि घरगुती लिखाणात मोडी रुळलेली होती. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरे सोडत जायचे, अशी तिची रीत. शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ पाळले जात नाही. नवशिका वाचक गावाचे नाव माणसाचे म्हणून वाचतो, ते यामुळेच. कालगणनाही वेगळी. ‘सन सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार मिळून शुहूर सन ११७३. हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि पुढच्या महिन्यांसाठी ६०० मिळवायचे, म्हणजे इ. स. १७७२-७३. फसली या महसुली सनाला ५९० किंवा ५९१, शकाला साधारण ७८ मिळवायचे. यात एका वर्षाची चूक झाली तरी बाप मुलाहून धाकटा निघू शकतो.

मोडी कागदांत सर्वांत दाणेदार माहिती वतनाच्या तंट्यांत असते. पाटीलकीचा वडीलपणा कुणाचा, तक्षीम म्हणजे वाटा कुणाचा, यावर भाऊबंद भांडत. गोतसभा बसे, दोन्ही बाजू आपापला करीना, म्हणजे मूळ पुरुषापासूनची हकीकत, लिहून देत आणि निवाड्याचा महजर, म्हणजे निकालपत्र, होई. साक्षीदार आपापली निशाणी काढत: पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी. आज त्या घरांना जी वंशावळ मिळते ती बहुतेकदा या भांडणाची देणगी असते. मात्र करीना हा दावा असतो. हरलेल्या बाजूचा करीनाही तितक्याच ठसक्यात लिहिलेला असतो, म्हणून दोन्ही वाचल्याशिवाय कुठलाच मानू नये.

कागद कुठल्या दप्तरात शोधायचा, हे ठरवायला जिल्ह्याचा इतिहास माहीत असावा लागतो. वाळवा, तासगाव, खानापूर हा मुलूख जुन्या सातारा जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचे नाव सांगली झाले. फलटण, औंध, जत, मिरज, सांगली ही १९४८ पर्यंत संस्थाने होती आणि त्यांचे दप्तर वेगळे. आटपाडी आज सांगलीत असली तरी जुनी नोंद औंध संस्थानाच्या नावाखाली निघते. कोयनेच्या पाण्यात गावे गेलेल्या घरांची तऱ्हा आणखी अवघड. माणसे दूरच्या जिल्ह्यांत वसली, पण त्यांच्या पणजोबांची नावे पाटण-जावळीच्या कागदांतच राहिली.

दोन्ही जिल्ह्यांत, विशेषतः दक्षिणेकडे, कागदाला समांतर अशी एक जिवंत परंपरा आहे: हेळवी. वाटून घेतलेल्या घराण्यांकडे ते गावोगाव येतात, अंगणात बसून पिढ्या म्हणतात, नव्या बाळांची नावे वहीत चढवतात आणि धान्य, कापड, पैसा घेऊन पुढच्या गावी जातात. कुठल्या गावाहून घराणे निघाले, कोणता भाऊ कुठे पांगला, हे त्यांच्याकडे मिळते तसे सरकारी दप्तरात क्वचितच मिळते. इतरांच्या पिढ्या जपणाऱ्या या समाजाची गणना राज्याच्या यादीत भटक्या जमातींत होते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्याही अशाच मोलाच्या. तिथे यात्रेकरूने स्वतः सांगितलेली नावे असतात.

नाते जुळवताना सर्वांत मोठा सापळा सारख्या नावांचा. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याच्या चालीमुळे ‘राणोजी बिन मल्हारी’, म्हणजे मल्हारीचा मुलगा राणोजी, आणि ‘मल्हारी बिन राणोजी’ आलटून पालटून येत राहतात; एक पिढी गळली तरी साखळी अखंड वाटते. त्यातच एखादा दत्तक गेलेला असतो. म्हणून प्रत्येक कडीला निदान दोन वेगळ्या प्रकारांचे कागद हवेत, जमिनीचा एक आणि जन्ममृत्यूचा किंवा शाळेचा एक. तोवर ‘संभाव्य भाऊबंद’ एवढेच म्हणावे. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून मोडी वाचकांच्या दारी रीघ लागली आणि ‘सातारा गॅझेट’ हा शब्द घरोघर पोहोचला. पण १८८५ चे सातारा गॅझेटिअर जातवार वर्णन आणि लोकसंख्या देते. त्यात कुणाच्या खापरपणजोबाचे नाव शोधून सापडणार नाही. ते काम कोतवाल बुकाचेच.

हे सारे कागद सारा आणि वतन यांसाठी तयार झाले, हे विसरून चालत नाही. ज्याच्याकडे जमीन त्याच्या सात पिढ्या निघतात. महार वतनासारख्या हक्कांमुळे गावकामगारांची काही घराणी कागदावर आली, पण उपरी, म्हणजे बाहेरगावाहून आलेली, कुळे, सालगडी, पालावरची माणसे यांना नोंदच नाही. तिथे नाव नसण्याचा अर्थ माणूस नव्हता असा होत नाही. बायकांचेही तेच. ‘सखू कोम राणोजी’, म्हणजे राणोजीची बायको, एवढ्यावर तिची नोंद संपते. माहेर नाही, बापाचे नाव नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावे वारस म्हणून फेरफारात येऊ लागली. त्याआधीच्या बायकांचा धागा मिळाला तर घरातल्या म्हाताऱ्या बाईकडेच मिळतो. सासूबाई कुठल्या गावच्या, त्यांचे भाऊ किती, त्यांना माहेरी न्यायला कोण यायचे, हे ती सांगते. मग त्या दुसऱ्या गावाचे कोतवाल बुक मागवता येते.