२केडी, २जीडी, २जेझेड : टोयोटाच्या इंजिननावांमागचा इतिहास

नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात मामासोबत गेलो होतो. त्याच्या इनोव्हाचा टायमिंग बेल्ट बदलायला झाला होता. आमच्या आधी एक गृहस्थ उभे होते. त्यांनीही तेच मागितलं, ‘इनोव्हाचा टायमिंग बेल्ट.’ काउंटरवरच्या काकांनी हातातला डबा खाली ठेवला आणि आरसी मागितली. चष्मा कपाळावर सरकवून इंजिन नंबरच्या पहिल्या तीन अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘साहेब, हे टूजीडी आहे. तुमची नवी इनोव्हा, क्रिस्टा. याला बेल्ट नसतोच, चेन असते.’ मग आमच्याकडे वळून, ‘तुमचं टूकेडी ना? बेल्ट देतो.’

दोन्ही गाड्यांवर नाव इनोव्हाचं, दोन्ही डिझेल, आणि दोघांच्या इंजिनात मात्र मुळातून फरक. तो फरक गाडीच्या मागच्या दारावरच्या चकचकीत अक्षरांनी सांगितला नव्हता, आरसीवरच्या तीन अक्षरांनी सांगितला. टोयोटाच्या या नावांना मी तेव्हापासून फार मानतो. ती गिऱ्हाइकासाठी घडवलेलीच नाहीत. कारखान्यातल्या माणसांनी आपसातल्या ओळखीसाठी ठेवलेली ती नावं आहेत, म्हणून त्यांत इंजिनाचं घराणं, जन्माचा क्रम आणि अंगचे गुण असं सगळं सापडतं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पहिल्या आकड्याचा. आपल्याकडे बहुतेकांनी गाडी ओळखायला सुरुवात केली ती मारुतीपासून, आणि सुझुकीच्या पद्धतीत आकडा म्हणजे इंजिनाचा आकार. ८०० मधल्या एफ८बीतला ८ म्हणजे ०.८ लिटर, स्विफ्टच्या के१२एममधले १२ म्हणजे १.२ लिटर. डिझेल स्विफ्टचं डी१३ए तसंच, १.३ लिटरचं. (ते मूळचं फियाटचं इंजिन, आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही बनत असे.) ही सवय घेऊन टोयोटाकडे गेलं की २केडी म्हणजे दोन लिटर किंवा ‘दोन नंबरचं मोठं इंजिन’ असं वाटू लागतं. दोन्ही चूक. टोयोटाच्या जुन्या पद्धतीत पुढचा आकडा फक्त घरातला क्रम सांगतो : पहिलं, दुसरं, तिसरं. धाकटं भावंड थोरल्यापेक्षा उंच असू शकतं, बुटकंही. १जेझेड २,४९२ सीसीचं आणि २जेझेड २,९९७ सीसीचं, म्हणजे इथे दुसरं मोठं. पण १केडी २,९८२ सीसीचं आणि २केडी २,४९४ सीसीचं. तिथे दुसरं लहान.

ही पद्धत एका बैठकीत ठरलेली नाही, हळूहळू साचत गेली आहे. सुरुवात १९३३ पासून धरावी लागते. जपानमधल्या कारिया गावी टोयोदा घराण्याचा स्वयंचलित मागांचा कारखाना होता. किइचिरो टोयोदा यांनी तिथे मोटारीचा विभाग काढला, एक शेवरोले गाडी विकत घेतली आणि तिचा भाग न् भाग सुटा करून अभ्यासला. १९३४ मध्ये त्यांचं पहिलं इंजिन तयार झालं. सहा सिलिंडरचं, ३,३८९ सीसीचं, रचनेत शेवरोलेवर बेतलेलं. सुरुवातीला ताकद मूळ इंजिनाइतकी भरेना, तेव्हा हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, बदलावं लागलं. त्याला नाव दिलं ‘टाइप ए’. आकडा नाही, नावामागे आडव्या रेघेनंतर लागणाऱ्या अक्षरांची शेपटी नाही, वर्णमालेतलं पहिलं अक्षर तेवढं. पुढे टाइप बी आलं, टाइप सी आलं. युद्धानंतर १९४७ मध्ये टोयोपेट एसए या छोट्या गाडीसाठी ९९५ सीसीचं टाइप एस आलं.

आकडा नंतर आला, आणि तो का आला हे जुन्या नावांवरूनच कळतं. लँड क्रूझरच्या गाजलेल्या पेट्रोल इंजिनाचं नाव नुसतं ‘एफ’. त्याच्यानंतरचं २एफ, मग ३एफ. १एफ असं काही नाही. पहिल्याचं बारसं झालं तेव्हा त्याला भावंड होईल हे कुणाला ठाऊक होतं? तसंच ‘आर’चं. १९५३ मध्ये १,४५३ सीसीचं टाइप आर आलं, १९५५ च्या पहिल्या क्राउन गाडीत ते बसलं, आणि मग त्या घराण्याचा आकडा वाढत वाढत २२आरपर्यंत गेला. मधले काही आकडे गाळलेले आहेत, तरी एकाच अक्षराखाली इतकी लांब रांग टोयोटात दुसरीकडे दिसत नाही. २२आर हे २,३६६ सीसीचं इंजिन ऐंशीच्या दशकात टोयोटाच्या पिकअपमधून जगभर फिरलं. ज्यांनी ते हाताळलं ते आजही त्याचं नाव आदराने घेतात.

पुढे अडचण आली ती अक्षरांची. इंग्रजी वर्णमाला सव्वीस अक्षरांची, आणि घराणी वाढतच होती. मग जुनी अक्षरं पुन्हा वापरात आली. ए हे अक्षर १९७८ मध्ये एका छोट्या चार सिलिंडर इंजिनाला मिळालं. शेवरोलेवरून घडवलेल्या त्या सहा सिलिंडरच्या इंजिनाशी त्याचं नात्यागोत्याचं काही नाही. एस पुन्हा आलं, बी आणि सी तर डिझेल इंजिनांकडे गेले. म्हणून जुन्या गाड्यांबद्दल वाचताना अक्षरासोबत साल पाहावंच लागतं. हाही मार्ग संपत आला तेव्हा, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, दोन अक्षरी घराणी सुरू झाली. लेक्सस या टोयोटाच्याच महागड्या ब्रँडच्या १९८९ च्या पहिल्या गाडीतलं व्ही-८ इंजिन १यूझेड-एफई, त्यानंतर जेझेड, एनझेड, एझेड. झेड पेट्रोलचा आणि डी डिझेलचा असं लोक सांगतात, आणि केडी, जीडी, एनडी पाहता ते बरोबर वाटतं. पण सुरुवातीला हा नियम काटेकोर नव्हता. लँड क्रूझरचं १एचझेड हे अस्सल डिझेल आहे. आपल्या केडीचा पूर्वज १केझेडही डिझेलच. नंतर झेडची जागा पेट्रोलमध्ये आरने घेतली, म्हणून पेट्रोल इनोव्हात १टीआर होतं.

घराण्याचं अक्षर गाडीच्या मॉडेल कोडातही उतरतं, आणि मला या सगळ्यातली ही गोष्ट सर्वांत आवडते. १९५१ मध्ये टोयोटाने जीपसारखी गाडी केली, तिचं नाव बीजे. बी म्हणजे आतलं टाइप बी इंजिन, जे म्हणजे जीप. तिने फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढून दाखवलं होतं. लँड क्रूझर हे नाव तिला १९५४ मध्ये मिळालं. पुढे एफ इंजिन बसलं तेव्हा एफजे झालं. एफजे४० म्हणून जी गाडी लोक जिवापाड जपतात, तिच्या नावातला एफ इंजिनाचा आहे. एई८६ या गाडीच्या कोडातला ए ४ए इंजिनाचा, सुप्रा गाडीच्या जेझेडए८० मधलं जेझेड तर उघडच आहे. आता इनोव्हाचं बोनेट उघडा आणि तिथल्या पत्र्याच्या पट्टीवरचा मॉडेल कोड वाचा. डिझेलचा केयूएन४० ने सुरू होतो, पेट्रोलचा टीजीएन४० ने, क्रिस्टा डिझेलचा जीयूएन ने. केडीचा के, टीआरचा टी, जीडीचा जी. १९५१ ची रीत २००५ च्या गाडीत जशीच्या तशी.

आता आडव्या रेघेनंतरची शेपटी. इथे प्रत्येक अक्षर एकेक गुण सांगतं. जी म्हणजे हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) आणि व्हॉल्व्हमध्ये मोठा कोन, म्हणजे वेगासाठी घडवलेलं हेड. १९७० च्या सेलिकातलं २टी-जी असं होतं. त्या कामात यामाहाचा हात होता. एफ म्हणजेही दोन कॅमशाफ्ट, पण कोन अरुंद, रोजच्या वापराचं आणि इंधन वाचवणारं. १९८६ च्या सुमाराला ३एस-एफईसारखी इंजिनं आली आणि दोन कॅमशाफ्ट ही शर्यतीच्या गाडीची मिरासदारी राहिली नाही. त्यांत बेल्ट एकाच कॅमला फिरवतो, दुसरा कॅम पहिल्याशी गिअरने जोडलेला असतो. ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन, टी म्हणजे टर्बो, झेड शेपटीत आला तर सुपरचार्जर. २जेझेड-जीई आणि २जेझेड-जीटीई यांत ८६ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि तितकाच स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) सारखा आहे. मधल्या एका टीमुळे इंजिनाचा स्वभाव पालटतो.

काही अक्षरं तर सरकारी नियमांनी लिहायला लावली. सत्तरच्या दशकात जपानने आणि कॅलिफोर्नियाने धुरावर कडक बंधनं घातली, तेव्हा जपानचे नियम पाळणाऱ्या इंजिनाला यू आणि कॅलिफोर्नियाच्या इंजिनाला सी लागू लागलं. एल म्हणजे आडवं बसवलेलं. म्हणून एई८६ मधलं ४ए-जीईयू, आणि तेच इंजिन एमआर२ मध्ये चालकाच्या पाठीमागे आडवं बसलं की ४ए-जीईएलयू. पुढे धूर आवरणं ही सगळ्याच इंजिनांची गोष्ट झाली, तेव्हा ते वेगळं लिहिण्यात अर्थ राहिला नाही आणि ती अक्षरं गळाली.

हे सगळं आपल्या रस्त्यावर कसं उतरलं ते पाहण्यासारखं आहे. १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर स्थापन झाली आणि कारखाना बंगळूरजवळ बिडदीला उभा राहिला. किर्लोस्कर हे नाव आपल्याकडे डिझेल इंजिनाला नवीन नाही. किर्लोस्करांची इंजिनं विहिरींवर धडधडत होती तेव्हा टोयोटाचं नावही इथे कुणी घेत नव्हतं. २००० साली क्वालिस आली. तिच्यातलं इंजिन २एल. आडवी रेघ नाही, शेपटी नाही, आणि ते मोकळेपण खरं होतं : टर्बो नाही, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन नाही. २,४४६ सीसीतून ७५ अश्वशक्ती. साधं, सोसणारं, घाटात सावकाश चढणारं.

२००५ ला तिच्या जागी इनोव्हा आली आणि शेपटी उगवली : २केडी-एफटीव्ही. एफ, म्हणजे दोन कॅमशाफ्ट आणि सोळा व्हॉल्व्ह. टी, म्हणजे टर्बो. आणि व्ही, म्हणजे कॉमन रेल. जुन्या पद्धतीत पंप प्रत्येक नोझलला आपापल्या वेळी डिझेल ढकलायचा. कॉमन रेलमध्ये सगळं डिझेल प्रचंड दाबाने एका नळीत भरलेलं असतं आणि कधी, किती सोडायचं ते कंप्युटर ठरवतो. आकार जवळजवळ तोच, २,४९४ सीसी, ताकद १०२. २०१६ मध्ये क्रिस्टात २जीडी-एफटीव्ही आलं, तेव्हा आकार उलट घटून २,३९३ सीसी झाला आणि ताकद १५० वर गेली. शेपटी मात्र तीच.

सिलिंडरच्या आत पाहिलं तर आणखी एक धागा सापडतो. २एलचा बोअर ९२ मिलिमीटर, स्ट्रोकही ९२. २केडीचा बोअर ९२, स्ट्रोक ९३.८. २जीडीचा बोअर ९२, स्ट्रोक ९०. घराण्याचं अक्षर दोनदा बदललं, पंप गेला, बेल्ट जाऊन चेन आली, आणि पिस्टनचा व्यास क्वालिसपासून क्रिस्टापर्यंत कागदावर एकच राहिला. म्हणून एकाचा पिस्टन दुसऱ्यात बसेल असं मुळीच नाही. इंजिनकाम करणाऱ्या मिस्त्रीला हे सांगावं लागत नाही.

मागच्या दारावरचा ‘डी-४डी’ हा टोयोटाच्या डिझेल गाड्यांचा बिल्ला यातलं काहीच सांगत नव्हता. तो इनोव्हावर होता, फॉर्च्युनरवर होता आणि इटिऑसवरही होता. फॉर्च्युनरमध्ये १केडी-एफटीव्ही, जवळपास तीन लिटरचं. इटिऑसमध्ये १एनडी-टीव्ही, १,३६४ सीसीचं, आणि त्याच्या शेपटीत एफ नाही हे नीट पाहा. खरंच नव्हता, कारण त्याला कॅमशाफ्ट एकच आणि व्हॉल्व्ह आठच. बिल्ला तिघांना एकाच रांगेत बसवतो, कोड एक अक्षर गाळून खरं सांगून टाकतो.

२०१७ पासून टोयोटाने पद्धतच बदलली. नव्या इंजिनांत आकडा मधे गेला आणि आकाराचा झाला. कॅमरीतलं ए२५ए म्हणजे अडीच लिटर, इनोव्हा हायक्रॉसमधलं एम२०ए म्हणजे दोन लिटर, नेमकं १,९८७ सीसी. सुझुकीची सवय असलेल्यांना हे सोपं पडतं. मला मात्र त्या जुन्या क्रमाच्या आकड्याची चुटपुट लागते. घरात कितवं, हे आता नाव पाहताक्षणी कळत नाही. शेपटी सुदैवाने राहिली आहे. हायब्रिड हायक्रॉसचं एम२०ए-एफएक्सएस. त्यातला एक्स १९९७ च्या पहिल्या प्रियसमधल्या १एनझेड-एफएक्सईपासून चालत आला आहे. हायब्रिडसाठी वेगळ्या चक्रावर चालणारं, थोडी ताकद सोडून इंधन वाचवणारं इंजिन, एवढं ते एक अक्षर सांगतं. शेवटचा एस थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडण्याचा.

२०२२ मध्ये टोयोटा हायरायडर आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा या जोडगाड्या आल्या, आणि दोन्ही घरांच्या रीती एकाच बोनेटखाली आल्या. साध्या हायब्रिडमध्ये के१५सी, सुझुकीचं, १,४६२ सीसीचं. मोठ्या हायब्रिडमध्ये एम१५डी-एफएक्सई, टोयोटाचं, १,४९० सीसीचं. मामाचा शेजारी ग्रँड व्हिटारा घेऊन आला तेव्हा पेढा खाऊन झाल्यावर मी आधी आरसी मागितली. समोर सुझुकीचा एस होता, इंजिन नंबर मात्र एम१५डीने सुरू होत होता.