साक्षरता वर्गाचे अनुदान मजुरांच्या खात्यात जमा होत नाही

वडोदऱ्यात बांधकामांवरील स्थलांतरित मजुरांच्या वस्त्यांत शिकवायला जाणाऱ्या मराठी मंडळींमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: आईवडिलांनी साक्षरता वर्गात नाव घातले की सरकार घरटी रोख अनुदान देते, आणि गुजरातचे रेशनकार्ड नसेल तर मुलांनाही शाळेत घेत नाहीत. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

15 वर्षांवरील निरक्षरांसाठी सध्या केंद्राचा ‘उल्लास’, म्हणजेच नवभारत साक्षरता कार्यक्रम, चालू आहे. 2022 ते 2027 या काळासाठीच्या 1,037.90 कोटी रुपयांपैकी 700 कोटी केंद्राचे व उरलेले राज्यांचे आहेत; पण हा पैसा कार्यक्रम चालवण्यासाठी आहे, शिकणाऱ्याला वाटण्यासाठी नव्हे. शिकवणारेही स्वयंसेवक असतात. (हे कळल्यावर काहींचा उत्साह मावळतो, तो भाग निराळा.)

मुलांची बाब अधिक महत्त्वाची आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 9 नुसार स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे. दाहोदहून किंवा नंदुरबारहून आलेली, कधीच शाळेत न गेलेली नऊ वर्षांची मुलगी असेल, तर जन्मदाखला नाही म्हणून तिला परत पाठवता येत नाही; कलम 4 प्रमाणे तिला वयानुरूप वर्गात बसवून मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे लागते, आणि त्याच्या खर्चाची तरतूद समग्र शिक्षा योजनेत आहे. तेव्हा अनुदानाच्या आशेने पासबुकाच्या झेरॉक्स गोळा करण्यापेक्षा मुलीला जवळच्या महापालिका शाळेत घेऊन जावे.