जुन्या लष्करी ट्रकचा सायलेन्सर बदलताना

"बाहेरून तर ठीक दिसतोय, मग आवाज कसा वाढला?" जुन्या लष्करी ट्रकचे मालक आम्हाला सगळ्यात जास्त वेळा हेच विचारतात. बिघाड बहुतेक वेळा आत असतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, तेही वाफेच्या रूपात. लांबच्या पल्ल्यावर सायलेन्सर चांगला तापतो आणि ही वाफ निघून जाते. पण तुमचा ट्रक आता महिन्यातून एकदा सुरू होतो, दहा मिनिटं फिरतो आणि परत शेडमध्ये जातो. सायलेन्सर पुरता तापतच नाही. वाफेचं पाणी होतं, धुरातलं आम्ल त्यात उतरतं आणि ते तळाशी बसून पत्रा खातं.

सायलेन्सर गार असताना लाकडी मोगरीने हलकेच ठोकून पाहा. आवाज खणखणीत आला तर पत्रा शाबूत आहे. बद्द आवाज आला, किंवा आत काही खुळखुळलं, तर आतले पडदे, म्हणजे धूर वळवणाऱ्या पत्र्याच्या आडव्या पट्ट्या, गेले असं समजा. चढावर ओढत नाही म्हणून कार्ब्युरेटर दोनदा उघडलेला एक ट्रक आमच्याकडे आला होता. सायलेन्सर कापला तेव्हा आतला एक पडदा सुटून बाहेरच्या नळीच्या तोंडावर आडवा बसलेला दिसला. कार्ब्युरेटरचा काहीच दोष नव्हता.

नवा किती मोठा हवा?

इथे घाई करू नका. पाईपला बसतो एवढ्यावरच सायलेन्सर घेतला जातो आणि तिथेच चूक होते. दुसऱ्या महायुद्धातल्या जीएमसी सीसीकेडब्ल्यू या अमेरिकी लष्करी ट्रकचं उदाहरण घ्या. त्याचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन २७० घनइंचाचं, म्हणजे सुमारे ४.४ लिटरचं आहे. त्याला छोट्या मोटारीचा सायलेन्सर जोडला तर धूर कोंडतो, मागचा दाब वाढतो, इंजिन तापतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हना त्रास होतो.

उलट टोकाला, आरपार नळी आणि भोवती काचतंतू असलेला सायलेन्सर धूर मोकळा सोडतो, पण त्याची खरी ताकद उंच पट्टीचा आवाज शोषण्यात असते. हे ट्रक कमी आरपीएमवर चालतात आणि त्यांचा आवाज खर्जातला असतो. तो मारायला मोठी पोकळी आणि धूर फिरवून नेणारे कप्पे लागतात. म्हणून पेट्रोल ट्रकला आम्ही कप्प्यांचा, मूळच्या इतक्याच घनफळाचा सायलेन्सर सुचवतो. टर्बो डिझेलचं गणित वेगळं आहे. टर्बोला मागचा दाब सहन होत नाही, तिथे मोकळी वाट जास्त महत्त्वाची.

माप घेताना ट्रक चाकांवर उभा असू द्या. जॅकवर उचलला की स्प्रिंगा लोंबतात आणि सायलेन्सर व प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा) यांच्यातलं अंतर फसवं दिसतं. पाईपचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा, टेपने नको. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. ५० मिलिमीटरच्या पाईपवर दोन इंची तोंड चढवलं तर फट राहते, आणि क्लॅम्प कितीही आवळला तरी काजळी बाहेर येतेच.

पत्रा कोणता?

साधा पत्रा स्वस्त आणि दिसायला अगदी मूळसारखा, पण शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या ट्रकमध्ये तो लवकर सडतो. ॲल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा बहुतेकांना पुरतो आणि आमचीही पहिली शिफारस तीच असते. ३०४ स्टेनलेस सगळ्यात टिकाऊ, मात्र तापल्यावर तो जास्त वाढतो. ४०० अंशांनी तापमान वाढलं तर एक मीटर साधा पाईप सुमारे ५ मिलिमीटर लांबतो आणि ३०४चा सुमारे ७. तेवढी ढील हँगरमध्ये, म्हणजे सायलेन्सर टांगणाऱ्या पट्ट्यांमध्ये, ठेवावी लागते. कोणताही घेतलात तरी तळाच्या सगळ्यात खोल जागी ३ मिलिमीटरचं भोक असू द्या, म्हणजे पाणी निथळेल.

जुन्या साठ्यातले, न वापरलेले मूळ सायलेन्सर अजून मिळतात. खोक्यात बंद होते म्हणून ते चांगले असतील असं धरू नका. टॉर्च लावून आत पाहा आणि उलटे करून हलवा. गंजाचे पापुद्रे पडले तर घेऊ नका.

बसवताना

चासी पिळते आणि इंजिन आपल्या रबरांवर हलतं, म्हणून सायलेन्सर चासीला पक्का वेल्ड करू नका. लवचीक हँगर नसतील तर तडा मॅनिफोल्डच्या फ्लँजपाशी, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर येतो त्या जोडापाशी, जातो, आणि तो जोड दुरुस्त करणं सगळ्यात जिकिरीचं. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती कोरडी खरवडू नका, ब्रशने किंवा हवेने झाडूही नका. ओली करून, योग्य मास्क लावून काढा आणि पिशवीत बंद करा. जस्ताचा मुलामा दिलेला पाईप वेल्ड करू नका, त्याच्या धुराने ताप भरतो.

धुराचं तोंड कॅब आणि ताडपत्रीच्या बाहेर निघालंच पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. मागे बसलेल्या मुलांना झोप येऊ लागली तर ती प्रवासाने दमली असतील असं समजू नका. लगेच गाडी थांबवा आणि सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा.

ऑर्डर देताना ट्रकचं मॉडेल, इंजिन, दोन्ही तोंडांचे बाहेरचे व्यास, जुन्या सायलेन्सरची लांबी आणि खालून काढलेले तीन-चार फोटो पाठवा. जुना सायलेन्सर भंगारात टाकू नका. सडलेला असला तरी तोंडांचे कोन आम्ही त्याच्यावरूनच जुळवतो.