केमो चालू असताना उशाशी कुंडी?

'ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) रुग्णाच्या खोलीत कुंड्या ठेवा, हवा शुद्ध राहते' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण केमोच्या काळात तीच कुंडी धोक्याची ठरू शकते.

ओलसर माती आणि कुजलेल्या पानांत ॲस्परजिलस ही बुरशी वाढते. माती जरा उकरली की तिचे बीजाणू हवेत उडतात. आकार जेमतेम २ ते ३ मायक्रॉन, म्हणून ते फुप्फुसात अगदी खोलवर पोचतात. तुमच्या-आमच्या श्वासातही ते रोज जातात, पण आपल्या न्यूट्रोफिल पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) त्यांचा बंदोबस्त करतात. केमोनंतर नेमक्या याच पेशी घटतात.

पडताळा रक्ताच्या रिपोर्टमध्येच मिळतो. एकूण पांढऱ्या पेशी १२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील, तर न्यूट्रोफिल झाल्या ३६०. हा आकडा ५०० च्या खाली जाऊन बरेच दिवस तिथेच राहिला, तर बुरशीचा धोका फार वाढतो.

तेव्हा कुंड्या खोलीबाहेर ठेवा. बांधकामाच्या धुळीपासूनही रुग्णाला जपा. बुरशीरोधक गोळी दिली असेल तर चुकवू नका, पण स्वतःच्या मनाने सुरूही करू नका. व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधासोबत यातल्या काही गोळ्या घातक ठरतात. आणि ताप ३८ अंश सेल्सिअसला पोचला, तर सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.