गोल्टी कांदा आणि तीन सिलिंडर

नाशिकच्या द्वारका सर्कलला सिग्नल लागला की मेव्हण्यांच्या नव्या गाडीचा गिअरचा दांडा बारीक थरथरतो. चावीला अडकवलेला सप्तशृंगीचा छल्लाही त्याच तालात हलतो. "इंजिन मिसिंग मारतंय का हो?" त्यांनी काळजीने विचारलं. बिघाड काहीच नव्हता. गाडी तीन सिलिंडरची आहे.

सिलिंडर म्हणजे इंजिनात इंधन जळतं ती नळी, आणि त्या जळण्याच्या रेट्याने फिरणारा मुख्य दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेट घेतो. सिलिंडर चार असले की दर अर्ध्या फेरीला रेटा मिळतो. एकाचा संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो. तीन असले की रेटा 180 अंशांपर्यंत टिकतो आणि पुढचा येतो 240 अंशांवर. मधले 60 अंश शाफ्ट नुसत्या फ्लायव्हीलच्या, म्हणजे त्याला जोडलेल्या जड चाकाच्या, जोरावर फिरतो. 800 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 800 फेऱ्यांना, चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला जवळपास 27 वेळा पेटतं, तीनचं 20 वेळा. त्यातून तीन सिलिंडरचं इंजिन या टोकाकडून त्या टोकाकडे पाळण्यासारखं झुलू बघतं. ते झुलणं आवरायला बॅलन्स शाफ्ट, म्हणजे उलटा झोका देणारा जादा दांडा, घालतात किंवा इंजिनाची माउंटिंग (ज्यावर इंजिन बसतं ते आधार) मऊ ठेवतात. तरी न्यूट्रलला थोडी थरथर हाताला लागतेच.

मग चौथा सिलिंडर काढायचा कशाला? सुटे भाग कमी होतात, पैसे वाचतात, हे आहेच. पण मला खरं कारण उष्णतेचं वाटतं. किलोभर गोल्टी कांदा सोला आणि किलोभर मोठा कांदा सोला. गोल्टीची सालं कितीतरी जास्त निघतात. सिलिंडरचंही तसंच. इंजिनाचं एकूण आकारमान 1200 सीसी (घन सेंटिमीटर) धरा; ते चार ठिकाणी वाटले तर प्रत्येकी 300, तीन ठिकाणी वाटले तर 400. आकार तोच ठेवला तर तीन सिलिंडरच्या भिंती एकूण सुमारे 9 टक्के कमी भरतात. तेवढी उष्णता गळायची जागा कमी, पिस्टन रिंगांचं घर्षणही कमी. 2024 च्या स्विफ्टमध्ये 1197 सीसी तसेच राहिले, सिलिंडर चाराचे तीन झाले. ताकद थोडी उतरली, पण कंपनीने सांगितलेलं अ‍ॅव्हरेज लिटरला 22.38 वरून 24.8 किलोमीटरवर गेलं.

आपल्या नाशिकला बनणाऱ्या बोलेरोत हा बदल 2016 सालीच आला. चार मीटरच्या आतली लांबी आणि 1500 सीसीच्या आतलं डिझेल इंजिन असलं की छोट्या गाडीची करसवलत मिळते. म्हणून 'पॉवर प्लस' बोलेरोत 2523 सीसीच्या चार सिलिंडरऐवजी 1493 सीसीचे तीन आले. ताकद मात्र 63 हॉर्सपॉवरवरून 70 झाली. तीन सिलिंडर म्हणजे लेचीपेची गाडी, असं म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

याच्याही खाली जाऊन पाहिलं गेलं. नॅनोत दोनच सिलिंडर होते, पण मोटारीत दोनाचा आकडा रुळला नाही. वरच्या टोकालाही घट झाली: फॉर्म्युला वनमध्ये 2005 पर्यंत दहा, 2006 पासून आठ, 2014 पासून सहा.

मला सिलिंडरच्या संख्येपेक्षा एकेका सिलिंडरचा आकार जास्त बोलका वाटतो. बोलेरोचे 1493 तिनाने भागा, 498 येतात. बीएमडब्ल्यूची नवी इंजिनं पाहा: दीड लिटरला तीन, दोन लिटरला चार, तीन लिटरला सहा. सगळीकडे एका सिलिंडरच्या वाट्याला 500 सीसीच्या आसपास. मर्सिडीजनेही 2017 मध्ये एका ओळीतले सहा सिलिंडर परत आणले, तेही तीन लिटरलाच.